वाट पाहणाऱ्यांच्या यादीत

आषाढ लागला, तूर वीतभर झाली, बाजरीत खुरपी फिरायला लागली, की माझा स्वभाव बिघडतो. बायकोला हे आता पाठ झालंय. ती म्हणते, सगळ्यांना ऊन बाधतं, ह्यांना आषाढ बाधतो. यंदा त्यात भर म्हणजे धाकटी सुधा कॉलेजात निघाली आहे. परवा ती फॉर्म घेऊन ओसरीवर बसली आणि पेनचं टोपण दातात धरून म्हणाली, "बाबा, ऐच्छिक विषय तीनच घेता येतात. पण मला चार आवडतात. चौथा लिहून ठेवला तर काय होईल?" मी इतक्या जोरात "लिहू नकोस!" म्हणालो की स्वयंपाकघरातून बायको धावत आली. पोर बिचारी बावरली. मग मलाच ओशाळल्यासारखं झालं आणि मी उठून अंगणात गेलो.

चौथा लिहिला तर काय होतं हे मला ठाऊक आहे. मी पाच लिहिले होते.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. सरकार-दरबारची भाषा उर्दू, शाळा उर्दू, आणि हैदराबादेत नुकतंच निघालेलं विद्यापीठही उर्दूच. आमचं गाव उमापूर. घरात मालीपाटीलकी, म्हणजे गावचा शेतसारा गोळा करायचं वतन. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, मोडी झरझर वाचत, पण उर्दूच्या बाबतीत त्यांचा सगळा भार माझ्यावर. आणि माझा सगळा भार कासिमवर. कासिम आमच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. मास्तरांना गाव मौलवीसाहेब म्हणे. त्यांनीच आम्हा दोघांना एका पाटीवर अलिफ-बे गिरवायला लावलं, त्यांच्याच धाकानं आम्ही दोघं पुढे बीडच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत पोचलो. बीडला एका खोलीत राहिलो. भाकरी थापायची पाळी माझी, भांडी त्याची. भाकरी करपली की तो म्हणायचा, "दत्तू, तू इंजिनियरच हो बे, सैपाकी होऊ नको."

इंजिनियरचं खूळ मला कुठून लागलं तेही सांगतो. गेवराईच्या वाटेवर एकदा सरकारी माणसं रस्ता आखत होती. तीन पायांवर दुर्बीण, लाल-पांढरा दांडा, आणि टोपी घातलेला एक साहेब एक डोळा मिटून नुसतं बघत होता. तो बघायचा आणि दहा माणसं इकडची तिकडं व्हायची. मी दिवसभर तिथं उभा राहिलो, गुरं कुणाच्या तरी उसात गेली, संध्याकाळी मार खाल्ला. पण ते एक डोळा मिटून बघणं डोक्यातून गेलं नाही. त्यासाठी विद्यापीठात तबीयात, म्हणजे पदार्थविज्ञान, हा विषय मिळायला हवा होता. तो नसेल तर इंजिनियरीचं दार बंद.

आबांची अट सरळ होती. "यंदा नाव लागलं तर जा. न्हाई लागलं तर पुढच्या साली मला इचारू नको. दफ्तर हातात घे, बायको करून देतो, गप घरात ऱ्हा." एकच साल. आबा शब्दाचे पक्के होते.

विद्यापीठाचा छापील अर्ज टपालानं आला. कासिमनं आमच्याच ओसरीवर बसून आपला भरला. भरताना खाली बोट ठेवून मला वाचून दाखवलं, "इख्तियारी मजमून तीन. ऐच्छिक विषय तीनच, दत्तू. ध्यानात ठेव." त्याच आठवड्यात मौलवीसाहेबांची बदली बीडला झाली आणि सगळं कुटुंब सामान बांधून गेलं. माझा अर्ज मात्र आबांच्या परवानगीसाठी चार दिवस देवळीत पडून होता.

पाचव्या दिवशी आबा शेतातून आले, पाय धुतले, माझ्यापुढे मांडी घालून बसले. "वाच, काय काय हाय त्यात."

मी वाचलं. रियाझी म्हणजे गणित, तबीयात, कीमिया म्हणजे रसायन, तारीख म्हणजे इतिहास, मंतिक म्हणजे तर्कशास्त्र. "ह्यातले तीन घ्यायचे."

"कावून तीन?"

"नियम हाय."

आबा हसले. "आरं, निस्ती बाजरी पेरनारा कोनी बघितलास का तू? बाजरीत तूर टाकतो आपुन. तुरीत मटकी. कडंनं अंबाडी. पाणी दगा देतं, तवा एक जातं, एक ऱ्हातं. पोटाला काय तरी लागतं. लिव्ह पाची. जे उगवंल ते उगवंल."

"आबा, तीनच लिवायचे म्हणतो कासिम."

"कासिमच्या बापाला रान न्हाई," आबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं तिथं विषय संपला.

आज हे सांगितलं तर सुधा हसेल. पण आमच्या हलक्या रानाच्या मुलखात ही वेडी गोष्ट नव्हती, शहाणपणाची होती. एकाच पिकावर वर्ष टांगून ठेवणाऱ्याला गाव हसायचं. आबांना दोष देणं सोपं आहे. लेखणी माझ्या हातात होती आणि, खरं सांगायचं तर, मलाही ते पटलं होतं. छापलेल्या तीन ओळींत मी तीन विषय लिहिले आणि समासात, बारीक अक्षरात, उरलेले दोन. अक्षर सुंदर आलं म्हणून खूशही झालो.

उत्तर आलं ते तीन ओळींचं. मर्यादेबाहेर मजमून लिहिल्यामुळे अर्ज बाजूला ठेवला आहे, दोन विषय स्वतःच्या हातानं खोडून परत पाठवावेत, तोवर नाव मुंतजिरांच्या यादीत. मुंतजिर म्हणजे वाट पाहणारे. मी त्याच बैठकीला तारीख आणि मंतिक खोडले, गेवराईला स्वतः जाऊन टपालात टाकून आलो. पण अर्ज हैदराबादला पोचेपर्यंत तबीयातच्या प्रयोगशाळेतली सगळी मेजं भरली होती. मेजाला दोन विद्यार्थी, जितकी मेजं तितक्याच जोड्या, वर एकही नाही. कासिम तिसऱ्या मेजावर होता. मी यादीत अकरावा.

कासिमच्या पहिल्या कार्डातून मला हे कळलं. तो हैदराबादेत दाखल झाला होता आणि दर गुरुवारी कचेरीबाहेरच्या फळ्यावरची यादी बघून मला कार्ड टाकायचा. कार्डावर पत्ता उर्दूत, मजकूर उर्दूत. मुद्दाम. म्हणजे आबांना वाचता येऊ नये. "तू त्यांना काय सांगायचं ते सांग," असं त्यानं पहिल्याच कार्डात लिहिलं होतं.

तो आषाढ मला अजून अंगावर जाणवतो. सकाळी बायका खुरपायला निघायच्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज रस्ताभर पसरायचा. घरात तांदुळजाची भाजी आणि ओल्या सरपणाचा धूर. आभाळ दिवसभर भरलेलं, पडायचं मात्र नाव नाही. माणसं वर बघून बोलायची आणि मी गेवराईच्या वाटेकडे. टपालवाला आठवड्यातून दोनदा यायचा, त्याच्या काठीला घुंगरू होते. तो आवाज आला की मी ताट सोडून दारात जायचो. आई म्हणायची, "ह्याला काय झपाटलंय का काय," आणि मीठ-मोहऱ्या उतरून टाकायची.

अकरा. मग नऊ. पुढच्या आठवड्यात पुन्हा नऊ. मग सहा.

आबा संध्याकाळी विचारायचे, "काय म्हणतोय कासिम?" नऊ असताना मी पाच सांगितले. पुन्हा नऊच आल्यावर चार. आकडा थोडा तरी खाली गेला पाहिजे, नाहीतर आबा मुलगी बघायला निघतील, ही भीती. सहा आले तेव्हा मी तीन म्हणालो. आबांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "ह्यो सहाचा आकडा हाय."

मी कार्ड परत घ्यायला हात पुढे केला.

"हरफं कळत न्हाईत मला. पण सरकारी कागदावरचे उर्दू सर्व्हे नंबर रोज वाचतो मी. आकडे कळत्यात. पैल्यापासून कळत व्हतं मला." मग कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. "खोटं बोलू नको. नऊ तर नऊ. मी काय तुला खातो व्हय?"

त्यानंतर मला फार हलकं वाटलं आणि फार रडू आलं. आबांना इतके दिवस ठाऊक होतं आणि त्यांनी कुणाकडे मुलगी बघायला माणूस धाडला नव्हता. पण अट त्यांनी मागे घेतली नाही. ती ते घेणारही नव्हते.

वाट पाहणाऱ्यांच्या यादीत माणसाचं काय होतं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. एरवी मी बरा मुलगा होतो. मुंगीवर पाय न देणारा, असं आई चारचौघांत सांगायची. पण माझ्या वर असलेल्या त्या मुलांची नावंगावंही ठाऊक नसताना मी रोज त्यांच्या घरी काहीतरी घडवून आणत होतो. कुणाला ताप यावा. कुणाचं लग्न ठरावं. कुणाला शहर सोसू नये आणि त्यानं ट्रंक उचलून घरचा रस्ता धरावा. मारुतीपुढे हात जोडून मी शब्दांत हे मागत नव्हतो, पण मागत होतो हेच. एक आकडा खाली येणं म्हणजे कुठल्या तरी घरात एक पोरगा परत येणं, हे कळण्याइतका मी मोठा होतो. तरी आकडा खाली आला की मी गोठ्यात जाऊन नाचायचो.

पुढे आयुष्यभर मी सरकारी नोकरीत याद्या बघितल्या, केल्या, त्यांवर सह्या केल्या. प्रतीक्षेतल्या नावांकडे मला सरळ बघवत नाही. हाताखालच्या माणसांना वाटायचं साहेब घाईत आहेत.

सहानंतर चार. मग एका कार्डावर नुसता एकच आकडा, दोन, आणि त्याखाली कासिमची ओळ: "वरचा मुलगा निजामाबादचा आहे. दम धर." पुढच्या आठवड्यात कार्डच आलं नाही. टपालवाला घुंगरू वाजवत आला आणि आमच्या दारावरून सरळ पुढे गेला. मला वाटलं, भरली असेल शेवटची जागा, कासिमला कळवायचं जिवावर आलं असेल. दोन दिवस मी जेवलो नाही. आबांनी दफ्तराची फडकी धुवायला काढली. ते बघितलं आणि मला कळलं, दफ्तर माझ्या हातात द्यायची तयारी चालली आहे.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी गेवराईहून माणूस तार घेऊन आला. गावात तार म्हणजे मढं. आई पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. तार कासिमची होती. "जागा मिळाली. सहा दिवस मुदत. ताबडतोब निघ."

सहा दिवसांतले दोन तारेनं गावापर्यंत यायला खाल्ले होते. एक दिवस बैलगाडीनं शहागडला, तिथं नावेतून गोदावरी ओलांडायची, पलीकडून जालन्याला मोटार, जालन्याहून आगगाडी, या दोन्हींना मिळून दोन दिवस. एक दिवस शिल्लक राहत होता. आबांनी स्वतः गाडी जुंपली. मी आईला नमस्कार केला तो धावत्या गाडीतून उडी मारून परत येऊन केला, इतकी गडबड.

शहागडला पोचलो. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. आमच्या रानात धूळ उडत होती आणि गंगा मात्र वरच्या मुलखातलं पाणी घेऊन दोन्ही काठ भरून चालली होती. तांबडं, जड पाणी. झाडंच्या झाडं वाहत होती. नाव अलीकडच्या खुंटाला बांधलेली.

"आज न्हाई," नावाडी म्हणाला.

"लेकराचं वरीस जाईल," आबा म्हणाले. आबा कुणाला असं बोलल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"वरीस जाईल, जीव तर ऱ्हाईल. दोन हात उतरू द्या पाटील, मंग बघू."

नावाड्यानं पाण्यात एक काठी रोवली होती. सबंध दिवस मी त्या काठीपाशी बसून होतो. पाणी काठीच्या खाचेवर यायचं, खाली जायचं, परत यायचं. आबा शेंगा फोडून माझ्या हातात देत होते आणि मी त्या हातातच धरून होतो. पलीकडच्या काठावरही माणसं थांबलेली दिसत होती, बारीक बारीक. शिल्लक दिवस डोळ्यांदेखत गेला. मला नावाड्याचा राग आला, गंगेचा आला, पाच विषयांचा आला, आणि शेवटी कुणाचाच येईनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठीची खाच उघडी पडली. नावाडी म्हणाला, पलीकडचे उतारू कालपासून अडकलेत, आधी रिकामी नाव नेतो, त्यांना आणतो, पाण्याचा अंदाज घेतो, मग तुम्हाला नेतो. नाव गेली, खूप खाली वाहत गेली, लागली, भरली, आणि तिरकी तिरकी आमच्याकडे यायला लागली. मी गाठोडं खांद्यावर टाकून गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिलो. नावेतून पहिली उडी मारली ती कासिमनं.

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत गुद्दाच घातला. "आरं, तू? सुट्टी लागली का काय बे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. दाढी वाढलेली. "बरं झालं तू निघालास. मला वाटलं तार पोचती का न्हाई."

"पन तू कुठं निघालास?"

"अब्बाला लकवा झाला. बीडहून तार आलती. शाळेत त्यांची जागा मला देतो म्हणलेत, तिथंच बसाय लागनार आता." मग म्हणाला, "नाव काढून घेतलं मी."

मला कळायला वेळ लागला. मी विचारलं, "म्हणजे मला जी जागा मिळाली..."

"माझीच. तिसरं मेज. खिडकीपाशी हाय, उजेड चांगला येतो." आणि ओल्या धोतराचा सोगा पिळत, काही विशेष नसल्यासारखं, त्यानं पुढचं सांगितलं. "तार आली तवा तू दोन नंबरवर व्हतास. त्याच दिशी नाव काढलं असतं तर जागा त्या निजामाबादवाल्याला गेली असती. एक पोरगा डाक्टरीला निघाला व्हता, दोन दिसांत त्याचं नाव कटनार हे ठावं व्हतं मला. म्हणून दोन दिस थांबलो. त्याची जागा निजामाबादवाल्यानं घेतली, तू एक नंबरवर आलास, मंग माझं काढलं. बाबूकडून तुझं नाव चढवून घेतलं आन् तार केली."

नावाडी ओरडत होता, पाणी पुन्हा चढंल, बसायचं तर बसा. आबांनी कासिमची ट्रंक उचलून आमच्या गाडीत ठेवली. "चल पोरा, बीडला सोडतो तुला," म्हणाले आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी नावेत बसलो. नाव मधोमध गेली तेव्हा गाडी काठ चढत होती, आणि लाजेनं सांगतो, माझ्या मनात मावत नव्हता तो आनंद होता. मी पोचलो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी सही केली आणि संध्याकाळी तिसऱ्या मेजावर हात ठेवून उभा राहिलो.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी जायच्या आधी बीडला उतरलो. कासिम शाळेत गेला होता. मौलवीसाहेब बाजेवर पडले होते. मला बघून त्यांचे डोळे भरले, ओठ हलले, पण घशातून नुसताच एक आवाज आला. मी त्यांच्या पायांपाशी बसलो. अम्मा, म्हणजे कासिमची आई, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"पैल्यांदा बोलत व्हते रे," ती म्हणाली. "तार केली तवा जीभ जड झाली व्हती, पन बोलत व्हते. सहा दिस निस्तं कासिम, कासिम. काय तरी सांगायचं व्हतं त्याला. मी म्हनलं मला सांगा, तर न्हाई म्हणले, त्यालाच सांगतो. सातव्या दिशी जबान गेली. कासिम आला आठव्या दिशी." तिनं पदरानं डोळे पुसले. "गंगेला पाणी आलतं म्हणत व्हता. काय करील बिचारा."

कासिमनं तिला गंगेचं सांगितलं होतं. दोन दिवसांचं सांगितलं नव्हतं.

सांगायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तिनं विचारलं, "तुझं काय झालं रे दत्तू? मिळाली का जागा?"

"मिळाली, अम्मा."

"चला," ती म्हणाली, "एका लेकराचं तरी झालं." आणि आत जाऊन तिनं डब्यातली साखर आणली, माझ्या तळहातावर ठेवली, आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली. मी ती खाल्ली.